शेवटच्या कुपीतली मुलगी

आमच्या प्रयोगशाळेत पेशी वाढवायचं काम मावशीकडे. तेवीस वर्षं. पेशींना खाऊ घालायला ती रविवारीसुद्धा यायची. नवरा म्हणायचा, "घरच्यांना शिळं, तिकडच्यांना ताजं."

नायट्रोजनच्या टाकीत एका चार वर्षांच्या मुलीच्या त्वचेच्या पेशी गोठवलेल्या होत्या. मुलगी जाऊन सहा वर्षं झाली होती. तिच्या पेशींवर एक ठरावीक साखर चढतच नव्हती; तोच तिचा आजार. ती चढवणारं एन्झाइम कुठल्या जनुकातून बनतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सरांनी एक नवं जनुक हेरलं. ते या पेशींत घालायचं, साखर दिसली की सिद्ध. पण त्या पेशींच्या कुप्या तीनच. दोन बुरशीने गेल्या, दोन्ही मावशीच्या हातून.

तेव्हापासून तिची झोप उडाली. "इन्क्युबेटर उघडला की मागे कुणीतरी उभं राहतं. एवढंसं, कमरेइतकं."

"मावशी, भुतं बुरशीला घाबरतात का?" मी विचारलं.

"गप रे मेल्या. हात धू आधी."

तिसरी कुपी तिने एकटीने वितळवली. आठ दिवस कुणाला खोलीत पाऊल टाकू दिलं नाही. मग त्या पेशींच्या दोन बश्या केल्या: एकीत जनुक घातलं, दुसरीत नाही. वर साखरेला चिकटणारा हिरवा रंग. सूक्ष्मदर्शकाखाली पहिली बशी चमकली, दुसरी काळीठिक्कर. सर नाचायचेच बाकी होते. मावशी मात्र स्टुलावरून उठली नाही.

सरांनी शब्द दिला होता, म्हणून मुलीच्या आईला बोलावलं. तिने बराच वेळ भिंगातून पाहिलं.

"म्हणजे... बरी झाली?"

सर कागद चाळू लागले. मावशी म्हणाली, "पेशी बऱ्या झाल्या, बाई. तिला आमच्याकडून उशीर झाला."

"आता यांचं काय?"

"मोजून झालं. रंगवलेल्या पेशी परत वाढवत नाहीत. ब्लीच ओततो."

"आत्ता जिवंत आहेत?"

"आहेत. बाहेर दोन-तीन तास काढतील."

आईने ती चमकणारी बशी उचलली, दोन्ही तळव्यांत धरली आणि पोटाशी घेतली. बशी खोलीबाहेर न्यायला बंदी होती. मावशीने तिच्यासाठी स्टूल ओढलं, आमच्याकडे वळली.

"जा रे, जेवून या सगळे."

सकाळचे अकरा वाजले होते. सरही मुकाट्याने निघाले. दार आतून बंद झालं.

सव्वादोनला दाराखालून ब्लीचचा वास आला.