वडिलांच्या अक्षरातली पापं

डिचोलीच्या कपेलात, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, मी दर रविवारी मुलांना धर्मशिक्षण देते. गेल्या वर्षी पहिल्या कुमसाराआधी, म्हणजे पाद्रींपुढे पहिल्यांदा आपली पापं कबूल करण्याआधी, मी मुलांना बजावलं होतं, "घरी शांत बसा, आठवा आणि स्वतः लिहून आणा. कोणाला दाखवू नका."

पुढच्या रविवारी आठ वर्षांची एक मुलगी कागद घेऊन जवळ आली. "टीचर, उद्धटपणा म्हणजे काय?"

कागदावरचं अक्षर तिच्या वडिलांचं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याचा अर्थही कळत नाही ते पाप पोरीने कबूल करायचं! मुलीची पापंसुद्धा ह्यांना शाळेच्या प्रोजेक्टसारखी नीटनेटकी हवीत. आणि हेच गृहस्थ प्रजासत्ताकदिनी शाळेत झेंड्याखाली उभे राहून स्वच्छ देशावर भाषण ठोकून गेले होते.

"तू का नाही लिहिलंस?"

"लिहिलं होतं. मयेच्या तळ्यात चिप्सची पाकिटं टाकली म्हणून. पप्पांनी फाडलं. म्हणाले, मीपण टाकली, त्यात कसलं पाप?"

मग तिने हळूच विचारलं, "टीचर, मग पप्पांचंपण मीच सांगू?"