भिंतीतला धप्प

आमच्या अहमदपूरच्या घरातल्या देवांनी उन्हाळ्यातल्या एका दुपारी आमच्याकडे पाठ फिरवली.

हे मी अलंकारिक सांगत नाही. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, गणपती, सगळेच्या सगळे मधल्या खोलीतल्या देव्हाऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभे! सकाळी बायकोनं पूजा केली तेव्हा सरळ होते.

"अहो, देव तुमी फिरवले का?" सुमननं विचारलं.

"मी देवाला कधी हात लावतो का?" (मी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस. भूत नसतं हे सांगायला गल्लीतले लोक मलाच बोलवायचे.)

मग आवाजही जाणवायला लागला. दुपारी गल्ली सुनसान, कुत्रीसुद्धा सावलीला पडलेली, आणि भिंतीच्या आतून... धप्प... धप्प... कुणीतरी आत अडकलंय आणि बाहेर यायला बघतंय, असा. मी भिंतीला हात लावला. भिंत थरथरत होती! कपाटामागं केसाएवढी एक चीर दिसली. आठवडाभरात ती छतापर्यंत चढली. फळीवरचे कप आपले आपण कडेला सरकायला लागले. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, त्या खोलीत बसलं की काही दुःख नसताना डोळ्यांतून घळाघळा पाणी!

"उन्हानं विटा फुगतात," मी म्हणालो.

"आन् देव? तेबी फुगून फिरले का?"



आमची आणि शेजारच्या शिवलिंगअप्पांची मधली भिंत एकच. मिरची कुटायची मोठी मशीन त्यांनी घेतली, तेव्हा गल्लीत नको म्हणून आम्ही सगळ्यांनी ओरड केली होती, आणि त्यांनी ती शेतात नेल्याचं सांगितलं होतं. तेवढा राग सोडून माणूस विचारपूस करायला आला. डोळे लालभडक, पाणावलेले.

"लई वाईट वाटून राहिलं बगा, सर," नाक ओढत ते म्हणाले. "दुपारच्याला त्या खोलीत बसूच नका तुमी."

"सख्ख्या भावाला एवढं वाटलं नसतं!" सुमनचा कंठ दाटला. (त्याच खोलीत उभी होती, दाटणारच.)

भावाचं नाव निघालं आणि तिनं बॅग भरली. "मी नांदेडला दादाकडं चालले. घर विकायचं ठरलं की फोन करा."

 पै-पै जोडून बांधलेलं घर. लेकीचं बाळंतपण ह्याच खोलीत झालं होतं. म्हटलं, जे काय आहे ते समोरासमोर होऊन जाऊ दे. सुमन बॅग घेऊन दारात थांबली आणि मी भर दुपारी त्या खोलीत जाऊन भिंतीसमोर उभा राहिलो.

धप्प... धप्प... धप्प...

चीर हळूच रुंदावली. गिलावा गळाला. धाडकन विटा कोसळल्या, लाल धुरळा उठला, आणि भगदाडातून एक डोकं बाहेर आलं. केस लाल, कपाळ लाल, डोळे निखाऱ्यासारखे... आणि तोंडच नाही!

मी सपशेल लोटांगण घातलं.

"मला सोड! माझ्यात काय ठेवलंय? पलीकडं शिवलिंगअप्पा राहतात, अंगानं चांगले भरलेले हायत, त्यांना धर!"

 मग त्या आकृतीनं तोंडावरचं फडकं सोडलं आणि दणकून शिंकली.

"सर, मीच शिवलिंगअप्पा हाय!"

त्यांच्यामागं मशीन उभी होती. आवाज दबावा म्हणून भिंतीला मिरच्यांची पोती लावलेली. तिच्या हादऱ्यांनी देव फिरले, कप सरकले आणि चिरेतून तिखट आमच्याकडं यायचं. गल्लीत घरोघरी मिरच्या वाळत असल्यानं वासाचा कुणाला संशयच आला नव्हता!

सुमननं बॅग खाली ठेवली आणि पदर खोचला.

"अप्पा, आमी घर विकायला निघालो होतो! तोंडानं सांगता येत न्हवतं का?"

"भ्यालो हो, वैनी. गल्ली मशीनच फेकून देईल म्हणलं."

"मशीन आजच्या आज शेतात न्या. आन् भिंत तुमी बांधून द्यायची!"

"हाव की, बांधतो. चूक माझीच हाय." मग माझ्याकडं बघून ते हळूच म्हणाले, "पर सर मघाशी काय बोलले, ते गल्लीत कुणाला सांगायचं न्हाई ना?"

मी खाली बघून अंगावरची लाल धूळ झटकायला लागलो.

गवंडी अप्पांनीच आणला, सिमेंटही त्यांचंच. गवंड्यानं विचारलं, "विटा हाताशी कोण देणार?" अप्पांनी नुसतं माझ्याकडं पाहिलं.

भिंत पुरी होईपर्यंत उन्हात विटा मी वाहिल्या. अप्पा सावलीत खुर्ची टाकून बसायचे आणि गल्लीतल्या चार माणसांसमोर विचारायचे, "सर, भूत असतं का हो?"

आणि मी, विज्ञानाचा माणूस, डोक्यावरची पाटी सावरत म्हणायचो, "असतं... थोडंसं."