हिप्परग्याच्या तलावात उतरण्याआधी

जानेवारीतल्या एका सकाळी सोलापूरच्या स्टँडवर तुळजापूरच्या एस.टी.त बसलो, तेव्हा माझ्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला थर्मामीटर होता. कंडक्टरने विचारले, "काय हाय त्यात? मूर्ती?"

"थर्मामीटर आहे. तलावाचं पाणी मोजायला चाललोय."

त्याने तिकीट फाडता फाडता माझ्याकडे नीट पाहिले आणि मागच्या बाकावर बातमी दिली, "हिप्परग्याच्या तळ्याला ताप आलाय म्हनं."

मी सांगोल्याचा. आमच्या घरात पदवी घेतलेला पहिलाच. बी.एस्सी. झाल्यावर आमच्या कॉलेजातल्या सरांनी मला उन्हाळा संपेपर्यंत हाताशी घेतले. काम एवढेच, की तलावाचे पाणी कोणत्या महिन्यात किती थंड आणि किती ऊन असते ते काठावर आणि मध्यावर, वरच्या पाण्यात आणि खोलात मोजून वहीत लिहायचे. काम जमले तर जूनपासून कायमची जागा. हे सांगून झाल्यावर त्यांनी विचारले होते, "पोहता येतं ना?" मी हो म्हणालो.

ते खोटे होते. आपल्याकडे पाणी पोहऱ्याने वर येते, आपण त्याच्याकडे खाली जात नाही. त्यातून दोनच वर्षांपूर्वी मोठा दुष्काळ होऊन गेलेला. पण जागा हातची जाईल या भीतीने हो निघून गेले. मे महिन्यात सर स्वतः तलावावर येणार होते. तोवर शिकणे भाग होते.

फाट्यावर उतरून बांधावर चढलो आणि उभाच राहिलो. एवढे पाणी एका जागी मी पाहिले नव्हते. त्यावर वाफ तरंगत होती. पलीकडे बदकांची रांग बसली होती. काठावर तुळशीराम भोई जाळे झटकत होते. साठीचे, काटक. त्यांची होडी म्हणजे एक काहील (उसाचा रस उकळायची मोठी लोखंडी कढई). मी पाय टाकायला कचरलो.

"बसा की सायेब. गूळ व्हायचा न्हाय तुमचा."

काहील एका जागी गरगर फिरत फिरत मध्यावर गेली. मी थर्मामीटर दोरीने सोडला, वर घेतला, उन्हाकडे धरून आकडा वाचला. पुन्हा पाहिले तर पारा आणखी खाली. तिसऱ्यांदा त्याहून खाली. मी तिन्ही आकडे लिहिले.

तुळशीरामांनी पाण्यात हात घातला. "आकडा काय सांगतुया?"

मी सांगितला.

"एवढं गार न्हाय पाणी. सकाळचं वाऱ्यापरीस पाणीच ऊन असतंय. तुमी वली कांडी वाऱ्यात धरलीया. वल्या अंगानं वाऱ्यात हुभं राहून बघा, हुडहुडी भरती का न्हाय."

हे मी कॉलेजात शिकलो होतो, परीक्षेत लिहूनही आलो होतो. कान गरम झाले. मग आम्ही पाणी भगुण्यात काढून, कांडीचे टोक पाण्यातच ठेवून आकडा घेतला. आधीचे तिन्ही आकडे मी एका रेघेने खोडले आणि शेजारी लिहिले, 'वाचण्यात चूक'.

परतताना त्यांना पोहता येत नसल्याचे सांगून टाकले. म्हटले, दुपारी पाणी तापल्यावर शिकवाल का?

"दुपारी वारं सुटतं, भाईर आल्यावर दातावर दात वाजत्यात. सकाळी या."

पुढच्या खेपेला सकाळीच पोचलो, तेव्हा त्यांच्या पत्नी भागाबाई काठावर मरळ (खवल्यांचा काळसर मासा) भाजत होत्या. तो, कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाऊ घातल्यावर त्यांनी वाळका भोपळा माझ्या पाठीला बांधला. "हात सोडा आता. तुमी भोपळा सोडला तरी भोपळा तुमाला सोडत न्हाय." पाणी खरोखर कोमट होते. वर आल्यावर मात्र मी टॉवेलाकडे धावलो, तेव्हा त्या पोट धरून हसल्या.

दर पंधरा दिवसांनी जात राहिलो. होळीनंतर भोपळा सुटला. एप्रिलमध्ये पाणी बरेच मागे सरले. काठाला गुडघाभर चिखल, त्यापुढे अंघोळीच्या पाण्यासारखे ऊन पाणी. एकदा मी त्यात दमून उभा राहायला गेलो, तर पायांना एकदम बर्फासारखे लागले. खालून कोणी पाय धरला असे वाटून मी ओरडलो, पाणी प्यालो. तुळशीरामांनी केसांना धरून वर काढले.

"खालचं पाणी गारच असतंय उन्हाळ्यात. पाय कशाला सोडताय तितं? वरच्या पाण्यावर निजा की, खाटंवर निजल्यागत."

निजलो, आणि तरंगलो. काहिलीतून मोजलेले वरचे आणि खालचे आकडे त्या दिवशी मला पहिल्यांदा अंगाने समजले.

मे महिन्यात सर आले. पांढरी पँट, डोक्याला रुमाल. काहिलीपाशी चपला काढताना ते हळूच म्हणाले, "मला अजिबात पोहता येत नाही बरं का. तू आहेस म्हणून बसतोय."

गप्प बसणे सोपे होते. आता मला थोडेफार येतच होते. पण हे गृहस्थ माझ्या एका शब्दावर खोल पाण्यात निघाले होते.

"सर, जानेवारीत मी खोटं बोललो. तेव्हा येत नव्हतं. आता येतं, पण फार नाही."

ते एक पाय उचलून तसेच थांबले. "फार नाही म्हणजे किती?"

माझ्याआधी भागाबाईच बोलल्या, "त्या बुडत्या बाभळीपतुर जात्यात की. येताना पार दमत्यात."

"दाखव," सर म्हणाले.

मी बाभळीपर्यंत गेलो, फांदीला धरून दम घेतला, परत आलो. सर काठावर बसून माझी वही चाळत होते. पहिल्या पानावर त्यांचे बोट थांबले होते.

"आकड्याची चूक इथे लिहून ठेवलीस. तोंडची कधी सांगणार होतास?"

"आज सकाळपर्यंत ठरलं नव्हतं, सर."

त्यांनी वही मिटली. भागाबाईंकडे वळून म्हणाले, "बाई, तो भोपळा आहे का अजून?" पांढऱ्या पँटवर भोपळा बांधून आमचे सर काहिलीत बसले. मध्यावर पोचेपर्यंत दोन्ही हातांनी कड धरून होते, पण सगळे आकडे त्यांनी स्वतः वाचले.

संध्याकाळच्या एस.टी.त ते माझ्या शेजारी बसले. हिप्परगा मागे पडल्यावर त्यांनी पिशवीतून जूनच्या जागेचा अर्ज काढला. कागद त्यांनीच आखला होता. नाव, गाव, शिक्षण, आणि शेवटच्या रकान्यात 'पोहता येते का?'

'होय' लिहायला दोन अक्षरांची जागा पुरली असती. गाडी हिसके देत होती, तरी मी रकान्याबाहेर जात लिहिले, 'हिवाळ्यात सकाळी येते. उन्हाळ्यात वरच्या पाण्यात, बाभळीपर्यंत येते. पावसाळ्यात अजून माहीत नाही.'

सरांनी चष्मा लावून ते वाचले आणि खाली सही केली.