नामदेव, सोबत दोन

"नामदेव, सोबत दोन."

मुन्शी रोज सकाळी रस्त्याच्या कडेले उभा राहून अशी हजेरी घ्याचा. धनजहून कारंज्याकडे जानाऱ्या रस्त्याचं काम होतं, दुष्काळाच्या सालचं. काम ठेकेदाराचं, मुन्शी ठेकेदाराचा. आमी गिट्टी फोडाचो. गड्याचं नाव पुकाराचं आन् त्याच्या बाईले 'सोबत एक' म्हनाचं, अशी तिथली रीत. बाईले वहीत नाव नव्हतंच. नामदेव माहा दीर. त्याच्या सोबतीची एक म्हंजे माही जाऊ वत्सला. दुसरी मी. माहे मालक तापानं गेले होते, मंग मले दिराच्या खाली टाकलं.

त्या दिवशी मुन्शीनं वहीतून मान वर केली. मले खालून वरपर्यंत पाह्यलं. म्हनला, "सोबत दोन. एक घरची आन् एक दुसरी. मजा हाये बुवा नामदेवची."

सारे हासले. गडी हासले, बाया बी पदर तोंडाले लावून हासल्या. मी नामदेवकडे पाह्यलं. मेलेल्या भावाची बायको होती मी त्याची. एक शब्द बोलला असता तर पुरे होता. त्यानं खाली पाहून हतोडीचा दांडा ठोकला आन् कामाले लागला.

तवापासून त्या कामावर मी 'दुसरी' झाली. "ए दुसरी, घमेलं आन." "दुसरीले सांगा, दगड उचल म्हना." वत्सलानं माह्यासंग जेवाले बसनं सोडलं. तिले ठाऊक होतं का हे झूट हाये. मी इचारलं, "काहून वो, मी काय केलं?" ती म्हने, "तू काही नाही केलं. पन लोक मले हासतात." मी पोरीले घेऊन बाभळीखाली एकटी भाकर खाऊ लागली. पोरगी पाच वर्साची. ती इचारे, "माय, काकू इकडे काहून येत नाही?" मी तिले म्हनो, तू खाय.

एकटी मी घरी बी होती. पन चाळीस मानसायच्या मंधात बसून एकटं राहनं लई वंगाळ.

आता नावाचं सांगते. मी जलमली तवा माहं नाव कचऱ्यावरून ठेवलं होतं. आमच्यात अशीच नावं ठेवत. वरच्या आळीतल्या पोरीसारखं नाव ठेवलं तर लोक अंगावर येत. मंग बापानं धम्म घेतला, साऱ्या वस्तीनं घेतला. तवा बाप शाळेतल्या मास्तरकडे गेला, त्यानं पोरीसाठी एक चांगलं नाव निवडून आनलं. घरी येऊन मले समोर उभं केलं आन् म्हनला, "आजपासून कचरी मेली." ते नाव मले लिहाले शिकवलं. पाटी फुटली तवा जमिनीवर शिकवलं. अन् हा मुन्शी मले 'दुसरी' म्हने.

एक दिवस ओव्हरशिअर आला, सरकारी मानूस. त्यानं सांगतलं, पुढच्या दोन खांबायच्या मधल्या तुकड्यात ठेकेदार नाही. ज्याले टोळी करून, नाहीतर एकट्यानं, आपल्या नावानं काम घ्याचं त्यानं घ्यावं; माप त्याच्याच नावानं लिहू, मापाच्या दिवशी वहीत सही कराची.

मी इचारलं, "बाईले भेटते काय, साहेब?"

त्यानं मले पाह्यलं. "बाईला देऊ नये असं कुठं लिहिलेलं नाही."

सात बाया तयार झाल्या. शेवंता तर म्हनली, मी साऱ्यायच्या पह्यले येते. मले वाटलं, आता जमलं.

मुन्शीले वास लागलाच. त्यानं मले बोलावलं, यावेळी 'दुसरी' म्हनून नाही, 'बाई' म्हनून. "तुले बारमाही हजेरीवर घेतो. दुष्काळ सरला तरी तुले काम राहीन. टोळीच्या भानगडीत कायले पडतं? हा तुकडा सरला का टोळी सरली. मंग काय करशीन?"

तो खोटं नव्हता बोलत. बारमाही काम म्हंजे पोरीची भाकर पक्की. कोनाच्या दारात उभं राहाची गरज नाही. माह्या तोंडात 'बरं' आलंच होतं, खरं सांगते. पन इचारलं, "वहीत माहं नाव लिहसान काय?"

"नामदेवच्या खाली हायेस ना? तसंच चालू दे. तुमच्यातल्या बायकायच्या नावाले कोन पुसते?"

मी म्हनली, "मंग राहू द्या."

दुसऱ्या दिवशी खांबापाशी मी एकटीच उभी. एक बी बाई आली नाही. शेवंता हजेरीवर होती. मी तिच्यापाशी गेली तर म्हनली, "घरचा नाही म्हनला वो. तुह्या मांगं कोनी नाही, तुले बरं हाये." तुले बरं हाये!

तरी तुकडा घेतला. एकटीनं गिट्टी फोडली, पंधरा-वीस दिवस. बोटाईले चिंध्या बांधून. ढीग रचला, चौकोनी, कडा सरळ.

मापाचा एक नियम असते. ढीग मोजला का त्याच्यावर चुना शिंपडाचा, म्हंजे तोच ढीग पुन्हा कोनी मोजाले लावत नाही. मापाच्या दिवशी सकाळी पाह्यते तर माह्या ढिगावर चुना. मापाच्या आधीच.

ओव्हरशिअर म्हनला, "हा मोजलेला दिसतो."

"आमचाच हाये, साहेब," मुन्शी म्हनला. माह्याकडे न पाहता.

मी म्हनली, "वही उघडा साहेब. या खांबापासून त्या खांबापर्यंत कोनाचं माप लिहिलं, ते वाचा."

त्यानं पानं पालटली. लिहिलेलं काहीच नव्हतं. मुन्शी बिडी पेटवू लागला. ओव्हरशिअर सारं समजला, पन त्याले भांडन नव्हतं पाह्यजे. म्हनला, "चुन्याचा ढीग मला मोजता येत नाही. पुन्हा रचा. मी पाचला इकडूनच परत जाईन."

मी पुन्हा रचला. सारा. खालचा दगड वर, चुन्याचा खाली. चिरलेल्या बोटाईत चुना गेला, आग आग झाली. धुवाले पानी नव्हतं. पलीकडे सारी हजेरी बसली होती, चाळीस मानसं पाहून राह्यली होती. एकदा वत्सला उठली, दोन पावलं इकडे आली बी. नामदेव म्हनला, "बस." ती बसली.

ओव्हरशिअर आला. फीत धरली, वही काढली.

"नाव?"

मी सांगतलं. बापानं आनलेलं, पुरं.

"सोबत?"

मी हजेरीकडे पाह्यलं. कोनी वर पाहत नव्हतं.

"सोबत कोनी नाही," मी म्हनली. "तसंच लिहा."

त्यानं शाईची डबी पुढे केली, अंगठ्यासाठी. मी ती बाजूले सारली आन् त्याच्या हातातला पेन मांगला. बोटं वाकत नव्हती. तरी नाव सारं लिहिलं, एक बी अक्षर सोडलं नाही.

ज्या वहीत माहं नाव नाही, त्या वहीचं काम मी करत नाही. उपाशी राहीन, पन कोनाच्या सोबतीत मोजून घेनार नाही.