काळ्या फितीतला फोटो

बोरामची पदवीची फिल्म जॉनजूच्या विद्यार्थी महोत्सवात निवडली गेली, ही बातमी गुन्सानच्या बाजारभर तिच्या आईनंच केली. सुन-ओकबाई तिथं किमची, म्हणजे तिखटमिठात मुरवलेल्या भाज्या, विकत. गिऱ्हाईकानं नुसता मुळा मागितला तरी आधी लेकीचं कौतुक, मग मुळा. बोराम मात्र त्या दिवसापासून आईची नजर चुकवत होती.

फिल्ममध्ये आईचा फोटो होता. गोष्ट आई वारलेल्या एका मुलाची, त्यामुळे मृताचा फोटो लागणारच होता. मित्रांनी आणलेले फोटो कॅमेऱ्यात खोटे दिसत. घरी कपाटात मात्र एक आयता होता, कापडात गुंडाळलेला. साठी झाल्यावर आईनं हानबोक, हा ठेवणीतला पारंपरिक पोशाख, घालून हौसेनं काढून घेतलेला. आमच्याकडे कोरियात आपल्यामागे पूजेला लागणारा फोटो माणसं धडधाकट असतानाच काढून ठेवतात. त्यानं आयुष्य वाढतं म्हणतात. काळी फीत मात्र माणूस गेल्यावरच.

बोरामनं तो न विचारता नेला, चौकटीला काळी फीत लावली आणि नटाकडून त्यापुढे दोन दंडवत घालून घेतले. जिवंत माणसाला एक, मेलेल्याला दोन, हे शेंबड्या पोरालाही कळतं. बोरामलाही कळत होतं. पण प्रसंग असा काही उतरला, की तिनं मनाला गप्प बसवलं आणि फोटो गुपचूप जागच्या जागी ठेवून दिला.

तिकिटं संपली, असं तिनं आईला सांगून पाहिलं. आई म्हणाली, उभ्यानं बघू. आणि खरंच सुकी मासळी विकणाऱ्या मल-जाला आणि बाजारातल्या आणखी चौघींना घेऊन, तांदळाच्या वड्यांचं गाठोडं सांभाळत ती आली. तिकिटंही मिळाली. न मिळायला काय झालं होतं?

पडद्यावर फोटो आला, भिंतीएवढा. मल-जा जोरात "थू थू थू" म्हणाली. नटानं पहिला दंडवत घातला, मग दुसरा. बोरामनं मान वर केलीच नाही.

नंतर दिग्दर्शकांना मंचावर बोलावलं. एका प्रेक्षकानं विचारलं, "फोटोतल्या बाई कोण हो? चेहरा डोळ्यांपुढून जात नाही."

आई चौथ्या रांगेत मांडीवर गाठोडं घेऊन बसली होती. खरं सांगायला एक शब्द पुरला असता. बोराम म्हणाली, "कुणी ओळखीच्या नाहीत. स्टुडिओतून जुना फोटो विकत घेतला."

टाळ्या पडल्या. परीक्षकांनी फिल्मची खास दखल घेतल्याचंही तेव्हाच जाहीर झालं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं बोरामला झालं. अपशकुन एक वेळ फिटेल, पण जन्मदात्रीला तिच्यासमोर परकी म्हटलं, ते कसं फिटणार?

बाहेर दालनात मल-जा तणतणत होती, "बोरामच्या आई, पोरीनं जिवंतपणी मारलं तुला. दोन दंडवत!"

"मी कुठं होते त्यात?" सुन-ओकबाई गाठोडं सोडत म्हणाल्या. "स्टुडिओतली बाई ती. दिग्दर्शकबाई माइकवर बोलल्या, ऐकलं नाहीस? घे, वडी घे."

त्यांनी पहिली वडी लेकीपुढे धरली. आईनं तिचंच खोटं उचलून तिच्यावर पांघरूण घातलं होतं, आणि ते पाहून बोरामला आपली इतकी लाज वाटली, की वडी घ्यायला तिचा हात पुढे होईना. ती तिथंच, लोकांच्या पायांत, गुडघ्यांवर बसली.

"माझ्या आईचा फोटो आहे तो," ती मोठ्यानं म्हणाली आणि कपाळ फरशीला टेकवलं. गळ्यातलं महोत्सवाचं ओळखपत्र खटकन आपटलं. मग ती उठली, आणि लाजेच्या भरात पुन्हा वाकू लागली.

आईनं तिचा दंड घट्ट धरला.

"एकच," ती म्हणाली. "मी आहे अजून."