हिरवी खूण

तूरे हक्काराइनेन दिवसा ताम्पेरे शहराच्या बसगाड्यांची वेळापत्रकं जुळवतो आणि उरलेल्या वेळात जगाची चाकरी करतो, तीही फुकट. प्रयोगशाळांमध्ये संगणकाने आधी काय करायचं, मग काय, त्या पायऱ्यांचा क्रम एका फाइलमध्ये लिहितात. ती फाइल वाचून तपासणारा प्रोग्राम तूरेने लिहिला. सगळं बरोबर असेल तर हिरवी खूण, नसेल तर लाल. कोणीही घ्यावा, वापरावा, दुरुस्त करावा. दुरुस्त करणाऱ्यांत मीही आहे, म्हणून हे सांगायचा मला हक्क आहे.

हा माणूस एरवी तोंडातून शब्द काढणार नाही, पण दुसऱ्याने पाठवलेल्या दुरुस्तीत चूक दिसली की त्याला कंठ फुटायचा. "हिल्का, ही ओळ तू झोपेत लिहिलीस का?" असं त्याने मलाच चारचौघांत विचारलं होतं. त्याचा प्रोग्रामही त्याच्यासारखाच खाष्ट. शेवटी लोक कंटाळले. "तूरे, तुझा प्रोग्राम आहे की सासू? चमचा जरा वाकडा पडला की लाल!" असं कुणीतरी लिहिलं आणि सगळे हसले. ते त्याला लागलं. त्याने प्रोग्राम मवाळ केला. जी ओळ ओळखू येणार नाही ती गुपचूप ओलांडायची आणि हिरवी खूण द्यायची. लोक खूश झाले.

पुढे मार्चमध्ये आपलंच लिखाण वाचताना त्याच्या लक्षात आलं की हे भयंकर आहे. एखादी पायरी कुणी चुकीच्या जागी लिहिली तर ती होणारच नाही, आणि वर हिरवी खूण मिळेल. त्याने ते लगेच सुधारलं. आमच्यात रीत अशी की अशी चूक सापडली की सगळ्यांना ओरडून सांगायचं, बाबांनो, आपापल्या फाइली पुन्हा तपासा. तूरेने बदलाच्या नोंदीत लिहिलं, 'किरकोळ साफसफाई'. नोंद जगासमोर उघडी होती. पण साफसफाईच्या नोंदी वाचतो कोण? मीही नाही वाचली.

सप्टेंबरात आमचं तालकोत असतं. सगळ्यांनी एका घरी जमून हातोहात काम उरकायचं आणि घरधन्याने जेवू घालायचं. यंदा ते तूरेच्या तळ्याकाठच्या झोपडीत होतं. चुलीवर वाटाण्याचं सूप रटरटत होतं आणि आम्ही टेबलाभोवती संगणक उघडून बसलो होतो. तेवढ्यात कुओपिओहून साइमी रूसकानेन आली. ती पहिल्यांदाच येत होती. तळ्यातल्या माशांवर संशोधन करणारी पोरगी. तिने दाराशी बूट काढले आणि मावशीने भाजलेला कालाकुक्को, मासे भरलेला, राय नावाच्या धान्याचा भलामोठा पाव, तूरेच्या हातात ठेवला.

"तुमच्यासाठी," ती म्हणाली. "खरं तर माफी मागायला आलेय."

"माफी? कसली?"

"माझा लेख मागे घ्यावा लागला. खराब नमुने गाळायची पायरी मी भलत्याच जागी लिहिली होती. हिवाळ्यात तपासली तेव्हा प्रोग्राम सगळं ठीक म्हणत होता, म्हणून मी रागाच्या भरात तुम्हाला नावं ठेवली. नंतर परत चालवला तर त्याने चूक बरोबर दाखवली. म्हणजे पहिल्यांदा मीच नीट पाहिलं नसणार, मीच वेंधळी. आमचे प्राध्यापक अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. म्हटलं, इथे निदान हातभार लावावा."

तूरेचे कान लाल झाले. मला वाटलं, कौतुकाने लाजला. "अरे, बस म्हण की पोरीला!" मी म्हणाले. तो पाव हातात धरून तसाच उभा राहिला. मग त्याने तो टेबलावर ठेवला आणि तिच्याकडे न बघता बोलला.

"तू वेंधळी नाहीस. ती चूक पकडणं माझ्या प्रोग्रामचं काम होतं. तो ओळी गाळत होता. मी नंतर सुधारलं आणि कोणाला सांगितलं नाही."

कीबोर्डवरची बोटं थांबली. इतरांच्या एकेका ओळीवरून आम्हाला फाडून खाणारा हा माणूस. मला त्याची चीड आली आणि त्याच्याकडे बघवेनाही.

"का नाही सांगितलं?" साइमीने विचारलं.

"लाज वाटली."

"कधी कळलं तुम्हाला?"

"मार्चमध्ये."

"मी लेख एप्रिलमध्ये पाठवला," ती म्हणाली.

ती वळून बाहेर गेली. खिडकीतून तळ्याच्या लाकडी धक्क्यावर पाठमोरी दिसत होती, पायात नुसते मोजे. कोणी तिच्यामागे गेलं नाही, कोणी सूपही वाढून घेतलं नाही. तूरे चुलीजवळ मान खाली घालून उभा होता. हा माणूस आता जमिनीत गडप होईल तर बरं, असं त्यालाही वाटत असावं.

ती ओल्या मोज्यांनी परत आली आणि त्याच्या संगणकासमोरची खुर्ची ओढून म्हणाली, "लिहा. सगळ्यांना. आत्ता."

तो लिहू लागला. ती खांद्यावरून वाचत होती.

"'कामाच्या गडबडीत' काढा. गडबड नव्हती."

त्याने काढलं.

"'काही फाइलींवर परिणाम झाला असण्याची शक्यता', हे काय? झालाय. झालाय असं लिहा."

त्याने लिहिलं. पाठवायच्या बटणाकडे बोट नेलं.

"थांबा. महिना कुठाय?"

तूरेने पहिल्यांदा तिच्याकडे वळून पाहिलं. त्याचे डोळे भरले होते. तिचे कोरडे होते.

"मार्च लिहा," साइमी म्हणाली.

त्याने लिहिलं आणि पाठवलं. कालाकुक्को संध्याकाळपर्यंत टेबलावर तसाच होता. कापा म्हणायची कोणाची छाती झाली नाही.