तांगची कॅसेट

माझी नात वत्सला कमी बोलायची, पण एकदा बोलली की घर हलायचं. शाळेची शेवटची परीक्षा संपली आणि जेवताना तिनं सांगितलं, "पापा, मी विलायतेत कॉम्प्युटर शिकणार. खेळ बनवायला."

माझा देवराज सरकारी ऑफिसात कारकून. त्याचा घास हातातच राहिला. "खेळायला युनिव्हर्सिटी लागते? टीचर ट्रेनिंगला जागा मिळालीय, गुपचूप जा."

"खेळायला नाही, बनवायला."

"तेच ते!"

मी चार इयत्ता शिकलेली. मला दोघांचंही पटत होतं, म्हणून मी डाळ वाढली.

तिथल्या प्रोफेसरांनी मुलांचं स्वतःचं काम बघायला मागितलं होतं. माझा धाकटा मुलगा प्रेम लंडनला असतो. तो तेव्हा सुट्टीला येऊन तेर रूज गावी सासरी उतरला होता. वत्सलाचा टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर त्यानंच आणलेला. ठरलं असं, की प्रेम परत जाताना त्याच्याबरोबर वत्सलाच्या खेळाची कॅसेट गेली तर विलायत, नाही तर ट्रेनिंग.

खेळ तांगचा. तांग म्हणजे उसात राहणारं काटेरी जनावर. माणसं ऊस तोडत येतात आणि आपण त्याला सरीसरीतून पळवून वाचवायचं.

"वाचवायचं कशाला?" मी म्हटलं. "आमच्या वेळी लोक त्याची कारी करून भाताबरोबर खायचे."

"आजी, गप गं!"

शेवटचा भाग ती जुळवत होती आणि आमच्या बेटावर सायक्लोन आला. तीन नंबरचा इशारा. आमच्या पितों गावात रस्त्यावर कुत्रं नव्हतं. देवराजनं छपराच्या पत्र्यांवर दगड ठेवले होते. तो लहान असताना, साठ सालच्या वादळात, आमचं छप्पर गेलं होतं. तेव्हापासून वारा सुटला की तो रेडिओला कान लावून बसतो.

आणि घोळ तिथंच. रेडिओ आणि कॅसेट आमच्याकडे एकाच यंत्रात. एक लावलं की दुसरं बंद.

दिवा मिचमिचला. वत्सला उठली. "पापा, झालं माझं. पाच मिनिटं रेडिओ द्या. कॅसेटवर उतरवायच्या आत करंट गेला तर आजचं सगळं पुसलं जाईल."

"आता बातम्या लागतील. निवाऱ्याला शाळेत जायचं की नाही, ते कळायला नको?"

"मला तर तुम्ही टीचर करून शाळेतच घालताय. आज नाही तर उद्या."

दिवा पुन्हा मिचमिचला. देवराजनं माझ्याकडे बघितलं, मी छपराकडे. पत्रे थडथडत होते. मग त्यानं रेडिओ बंद करून तिच्या हातात दिला, खिडकी किलकिली केली आणि शेजाऱ्याला हाक मारली, "इंद्रदेव! ए इंद्रदेव! काय सांगतायत रे?"

"तुझा रेडिओ उडाला काय?"

"पोरगी वापरतेय!"

"सायक्लोनात गाणी लावून सेगा नाचतेय?"

"बातम्या सांग, मेल्या!"

पाऊस आत येत होता. देवराज अर्धा भिजला, तरी खिडकी सोडेना. वत्सला वायर जोडून बसली होती. कॅसेट फिरत होती.

"अजून तीनच!" इंद्रदेव ओरडला, आणि करंट गेला.

टीव्ही काळा झाला. कॅसेट मात्र बॅटरीवर फिरतच होती.

"उतरलं?" देवराजनं विचारलं.

"माहीत नाही." तिनं वायर चाचपली. "मी खिडकीकडे बघत होते."

तिनं कॅसेट मागे नेऊन लावली. खेळ म्हणे आवाजाच्या तुकड्यातुकड्यांनी उतरतो आणि शेवटचा तुकडा अगदी छोटा. तो ऐकू आला तरच सगळं उतरलं. यंत्र किंचाळायला लागलं. बाहेर वारा, आत ती किंचाळी. देवराज बातम्यांना लावतो तसा कान लावून बसला.

"हाच शेवटचा?"

"नाही. थांबा."

किंचाळी थांबली. माझ्या तोंडात आपोआप गणपतीचं नाव आलं. मग एक बारीक चिरका आवाज झाला, झाला न झाला.

"आला," वत्सला म्हणाली. "पुरा आला."

जमिनीचे कागद ठेवतो त्या बिस्किटाच्या डब्यात देवराजनं कॅसेट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवली, मगच रेडिओ लावला. चार नंबर लागला होता, सगळ्यात वरचा. आता बाहेर पडायची सोय नव्हती.

छप्पर राहिलं का विचारता? अर्धं गेलं. आम्ही पलंगाखाली, आणि देवराजनं तो डबा पोटाशी धरलेला.

वादळ सरलं. बस नव्हती, रस्त्यावर झाडं आडवी. देवराज डबा घेऊन तेर रूजला प्रेमकडे चालत निघाला.

"अरे, आधी पत्रे तरी बघ!" मी म्हटलं.

"पत्रे काय," तो म्हणाला, "ते विमानानं जात नाहीत."